पोस्ट-कर्सर वाढवला की आय मिटतो का? रिटायमरचे टॅप आणि पीआरबीएस यांची सांगड

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्विच एएसआयसीपासून (नेटवर्क स्विचची मुख्य चिप) साधारण ९ इंच ट्रेस (बोर्डावरची तांब्याची वाट), मग आठ चॅनेलचा २५ गिगाबिटचा रिटायमर (आलेले बिट वाचून, नव्याने वेळ लावून पुढे पाठवणारी चिप; चार चॅनेल जाणारे, चार येणारे), आणि तिथून ३ इंचांवर क्यूएसएफपी२८चा केज (१०० गिगाबिटचं मॉड्यूल खोचायची जागा). लेनचा वेग २५.७८१२५ गिगाबिट प्रति सेकंद. रिटायमरमधल्या पॅटर्न जनरेटरने पीआरबीएस-३१ (ठरलेला, पण यादृच्छिक भासणारा चाचणीचा बिटक्रम) सोडला, स्कोप लावला, तर पोस्ट-कर्सर (मागच्या बिटाचं शेपूट खोडणारा ड्रायव्हरचा टॅप, म्हणजे गुणांक) वाढवत नेला तसा आय (एकावर एक रचलेल्या बिटांच्या आलेखातली मधली मोकळी जागा) उघडायच्या ऐवजी मिटत गेला. समोरच्या टोकाचा चेकर (पॅटर्न ताडून चुका मोजणारा भाग) दोन लेनवर लॉकच होत नाही. एक लेन शून्य चुका दाखवते, पण नेमक्या त्याच लेनवर ट्रॅफिक चालत नाही. मग प्री (येणाऱ्या बिटाचा परिणाम खोडणारा टॅप) आणि पोस्टची बरोबर व्हॅल्यू कोणती?

व्हॅल्यू पुढे देतोच, निदान सुरुवात करण्यापुरती. पण तुमची अडचण व्हॅल्यूची नाही. इथे तीन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या आहेत: माप कुठे घेतलं, पॅटर्न कोणत्या घड्याळावर आणि कोणत्या पोलॅरिटीने गेला, आणि या चाचणीत लिंकचा कोणता अर्धा भाग तपासला गेला. हे सुटे केले की टॅपचं काम अर्ध्या दिवसाचं आहे. काही गोष्टी मात्र मला इथून सांगता येणार नाहीत, त्या तुमच्या बोर्डावर ठरतात. केजमध्ये ऑप्टिकल मॉड्यूल आहे की तांब्याची डीएसी केबल, समोरच्या रिसीव्हरमध्ये डीएफई (आधी ठरलेल्या बिटांचा परिणाम वजा करणारा इक्वलायझर) आहे की नुसता सीटीएलई (उंच फ्रिक्वेन्सी उचलणारा अ‍ॅनालॉग इक्वलायझर), लॅमिनेट (बोर्डाचं साहित्य) कोणतं, आणि लिंकवर एफईसी (चुका दुरुस्त करणारं कोडिंग) चालू आहे का. मी ऑप्टिकल मॉड्यूल धरून लिहितो आणि डीएसीचं शेवटाकडे सांगतो.

आधी आय का मिटतो ते. तीन टॅपच्या (प्री, मेन, पोस्ट) एफआयआरमध्ये, म्हणजे ड्रायव्हरच्या इक्वलायझरमध्ये, कमाल स्विंग (आउटपुट व्होल्टेजचा पल्ला) ठरलेला असतो. प्री आणि पोस्टला दिलेली प्रत्येक पायरी मेनमधून कापली जाते. एकूण ३१ पायऱ्या धरा: मेन २४, प्री उणे २, पोस्ट उणे ५. सलग एकांची रांग चालू असेल तेव्हा आउटपुट २४ - २ - ५ = १७ वर बसतो. शून्यातून एकात आल्यावरच्या पहिल्या बिटाला पोस्टची बेरीज होते: २४ - २ + ५ = २७. रांगेतल्या शेवटच्या बिटाला प्रीची बेरीज होते: २४ + २ - ५ = २१. आणि १०१०१० असा पॅटर्न असेल तर दोन्हींची बेरीज, म्हणजे पूर्ण ३१. पायथ्याची पातळी १७ आणि सर्वात वेगवान बदलाची पातळी ३१ यांचं गुणोत्तर डेसिबलमध्ये ५.२ होतं. हाच तुमचा बूस्ट.

आता स्कोप रिटायमरच्या जवळ लावला असेल तर त्याला चॅनेल जवळजवळ दिसतच नाही. आयचा आतला उघडेपणा तिथे सर्वात खालच्या पातळीने ठरतो, म्हणजे ३१ पैकी १७, साधारण ५५ टक्के. वरच्या रेषा दुहेरी-तिहेरी दिसतात. पोस्ट आणखी वाढवा, तो आणखी मिटेल. चिप जे करायला सांगितलं तेच करते आहे, बिघाड काही नाही. इक्वलायझर पुढच्या तांब्यात होणारं नुकसान आधीच भरून ठेवतो. ते नुकसान होण्याआधी मोजलं तर जास्तीचंच दिसणार. जवळच्या टोकाला सर्वात सुंदर दिसणारा आय हा प्री आणि पोस्ट शून्य असतानाचा असतो, आणि तो बघून टॅप ठरवले तर मॉड्यूलच्या दाराशी आय बसलेला मिळतो.

म्हणून माप घ्यायचं ते मॉड्यूल जिथे बसतं तिथे, होस्ट कंप्लायन्स बोर्ड (मॉड्यूलच्या जागी बसणारा मापाचा बोर्ड) केजमध्ये घालून. १०० गिगाबिटच्या चार लेनच्या चिप-ते-मॉड्यूल इंटरफेससाठी आयईईई ८०२.३ च्या ८३ई या परिशिष्टात हे नीट बांधून दिलेलं आहे. १२.८९ गिगाहर्ट्झला एकूण १०.२ डेसिबलपर्यंतचा लॉस गृहीत धरला आहे, आणि आयची उंची किमान ९५ मिलिव्होल्ट व रुंदी ०.४६ यूआय (यूआय म्हणजे एका बिटाचा वेळ) हवी. पण हे आकडे उघड्या वेव्हफॉर्मवरचे नाहीत. आधी संदर्भ सीटीएलई लावायचा, १ ते ९ डेसिबलच्या पायऱ्यांपैकी जो चांगला बसेल तो, मग मोजायचं. स्कोपमध्ये सीटीएलई न लावता ९५ मिलिव्होल्ट शोधत बसलात तर तुम्ही टॅप नक्कीच जास्त लावाल, कारण मॉड्यूलच्या आतल्या सीटीएलईचं कामही तुम्ही ड्रायव्हरकडून करून घ्यायला बघता आहात.

तुमच्या ३ इंचांचा हिशेब करा. चांगल्या लो-लॉस लॅमिनेटवर १२.८९ गिगाहर्ट्झला इंचाला पाऊण डेसिबलच्या आसपास जातं. ट्रेसचे सव्वादोन, त्यात व्हाया, पॅकेज आणि कनेक्टर मिळून आणखी एक-दीड. म्हणजे चार डेसिबलच्या आत. इतक्याशा लॉसला मॉड्यूलचा सीटीएलई एकटा पुरून उरतो. म्हणून सुरुवात प्री उणे १, पोस्ट उणे २, मेन २८ पासून करा; बूस्ट १.९ डेसिबल होतो. माझ्या अंदाजाने तुमचं उत्तर याच्याच आसपास निघेल. ५ डेसिबलचा बूस्ट या लेनला जास्त आहे. तो लावला तर सीटीएलई खालच्या पायरीवर जाऊन बसतो, लो-फ्रिक्वेन्सीचा स्विंग विनाकारण घटतो, आणि वर शेजारच्या लेनला क्रॉसटॉकही (सिग्नलची गळती) जास्त.

प्री आणि पोस्ट यांना एकाच तागडीत तोलू नका. पोस्ट-कर्सरचं शेपूट रिसीव्हरलाही आवरता येतं, सीटीएलईने आणि असेल तर डीएफईने. प्री-कर्सर मात्र डीएफईच्या हातात नाही, कारण तो येणाऱ्या बिटाचा परिणाम आहे आणि तो बिट अजून ठरलेलाच नाही. म्हणून रिसीव्हरमध्ये डीएफई असेल तर ड्रायव्हरचा स्विंग आधी प्रीवर खर्च करावा आणि पोस्टमध्ये हात आखडता घ्यावा. नुसता सीटीएलई असेल तर पोस्टला थोडी जास्त जागा मिळते. बऱ्याच जणांचं सगळं लक्ष पोस्टवर असतं, कारण स्कोपवर त्याचा परिणाम ठळक दिसतो.

टॅप लावले की ते खरोखर लागले का, हे पीआरबीएसवर कळत नाही. त्यासाठी चौरस लहर घ्या: ८ एक, ८ शून्य. २५.७८१२५ गिगाबिटला ही १.६११ गिगाहर्ट्झची लहर होते. वर सांगितलेल्या तीन पातळ्या तिच्यात वेगळ्या उभ्या राहतात: बदलानंतरचा पहिला बिट, मधला सपाट भाग, आणि बदलाआधीचा शेवटचा बिट. पहिली पातळी मधल्यापेक्षा खाली गेली असेल तर पोस्टचं चिन्ह उलटं लागलं आहे. टॅपच्या चिन्हाचा वेगळा बिट असलेल्या रिटायमरमध्ये ही चूक सर्रास होते: कोणी नुसता ५ लिहितो, चिन्हाचा बिट राहून जातो, आणि इक्वलायझर लो-फ्रिक्वेन्सी उचलायला लागतो.

यात एक अडचण आहे. एक यूआय फक्त ३८.८ पिकोसेकंदांचा. पॅकेज आणि फिक्स्चरमधून गेल्यावर कडेच्या एकेका बिटाला सपाट व्हायला वेळच मिळत नाही, त्यामुळे २७ आणि २१ या पातळ्या प्रत्यक्षात कमीच भरतात. मधला भाग मात्र विश्वासू असतो. तेव्हा आकडा काढायचा तो त्यावरून: प्री आणि पोस्ट शून्य ठेवून सपाट पातळी मोजा, मग टॅप लावून मोजा. एकूण स्विंग कायम असेल तर गुणोत्तर १७ भागिले ३१ यायला हवं. पीसीआय एक्सप्रेसमध्ये ८ गिगाट्रान्सफरपासून पुढे ड्रायव्हरचं माप लांब सपाट भागावर घेतात, तेही याच कारणाने. गुणोत्तर बरंच वेगळं आलं तर दोनच शक्यता: तुमच्या चिपमध्ये पायऱ्या समान नाहीत, किंवा प्री-पोस्ट वाढवताना मेन आपोआप कमी होत नाही आणि ड्रायव्हर वरच्या टोकाला दबतो आहे. दुसरी शक्यता वाईट, कारण दबलेल्या ड्रायव्हरवर रजिस्टरमधले आकडे वाढत जातात आणि तारेवर काहीच बदलत नाही.

आता पॅटर्न जनरेटर. रिटायमरमधला जनरेटर चालू केला की आउटपुटचा मक्स (दोन स्रोतांतून एक निवडणारा स्विच) येणाऱ्या डेटाकडून जनरेटरकडे वळतो. म्हणजे एएसआयसीपासूनचे ९ इंच, रिटायमरचा सीटीएलई, त्याचं डीएफई, सगळं चाचणीबाहेर जातं. तुम्ही फक्त ३ इंच आणि मॉड्यूल तपासता आहात. सगळ्या लेन जनरेटरवर स्वच्छ चालल्या आणि ट्रॅफिकला चुका आल्या, तर बिघाड त्या ९ इंचांच्या बाजूला शोधायचा. तिथे एएसआयसीने पीआरबीएस सोडायचा आणि रिटायमरच्या चेकरवर मोजायचा. तेव्हा हलवायचे टॅप एएसआयसीचे.

जनरेटरचं घड्याळ कुठून येतं ते डेटाशीटमध्ये बघा. बऱ्याच रिटायमरमध्ये ते सीडीआरच्याच (येणाऱ्या डेटातून घड्याळ काढणारा भाग) व्हीसीओवरून (त्यातला आंदोलक) येतं. इनपुटवर काही नसेल तर सीडीआर अनलॉक, व्हीसीओ मोकळा, आणि पॅटर्न "२५ गिगाबिटच्या आसपास" कुठेतरी फिरतो. इथरनेटमध्ये ±१०० पीपीएमची (दहा लाखांत १००) मुभा आहे. मोकळा व्हीसीओ ती सहज ओलांडतो, आणि तापमानाबरोबर सरकतो तो वेगळाच. बोर्डावर २५ मेगाहर्ट्झचं संदर्भ घड्याळ आहे म्हणून निश्चिंत राहू नका. पुष्कळ चिपमध्ये ते फक्त व्हीसीओची पट्टी निवडायला वापरतात, फेज लॉक करायला नाही. उपाय सोपा आहे: एएसआयसीकडून काहीही चालू ठेवा, आयडल किंवा पीआरबीएस, सीडीआर लॉक झाल्याचं वाचा, आणि मगच मक्स जनरेटरकडे वळवा. क्रम उलटा केला तर काही चिपमध्ये लॉकची खूण जुनीच राहते आणि माणूस फसतो. एक लक्षात ठेवा, असं केल्यावर एएसआयसीच्या बाजूचा मंद जिटर (बिटांच्या कडांची वेळेतली थरथर), सीडीआरच्या बँडविड्थच्या आतला, जनरेटरच्या आउटपुटमध्येही उतरतो. स्कोपवर जिटर जास्त दिसला तर इनपुट स्वच्छ पॅटर्न जनरेटरवरून देऊन एकदा ताडून बघा.

दोन लेन लॉक होत नाहीत, त्यात पहिला संशय पोलॅरिटीचा. राउटिंग सोपं व्हावं म्हणून लेनच्या जोडीतल्या पी (धन) आणि एन (ऋण) तारा उलट्या करणं नेहमीचंच. एएसआयसी ते सॉफ्टवेअरमध्ये आपल्या टोकाला उलटून भरून काढतो, म्हणून ट्रॅफिक बरोबर चालतं. पण रिटायमरचा जनरेटर एएसआयसीच्या पुढे बसलेला आहे. उलटी जोडी रिटायमर आणि केज यांच्यामध्ये असेल तर एएसआयसीची दुरुस्ती जनरेटरच्या पॅटर्नला लागूच होत नाही, आणि समोर पॅटर्न उलटा पोचतो. त्या दोन लेनचे आराखडे उघडून बघा. दुसरं, प्रमाणातला पीआरबीएस-३१ मुळात उलटून सोडलेला असतो. काही चिप तसा सोडतात, काही सरळ. दोन वेगळ्या कंपन्यांच्या चिप समोरासमोर असतील तर इन्व्हर्टचा बिट एकदा बदलून बघायचाच. फक्त एक ध्यानात घ्या: सरळ-उलट्याची ही तफावत असती तर सगळ्याच लेन अडल्या असत्या. दोनच अडल्या म्हणजे बोट राउटिंगकडे जातं.

चेकर स्वतः लॉक होणारा असेल, म्हणजे येणाऱ्या बिटांवरूनच पुढचा बिट ताडणारा, तर उलट्या पॅटर्नची खूण स्पष्ट मिळते. पीआरबीएस-३१चं सूत्र एक्स^३१ + एक्स^२८ + १. चेकर आत्ताचा बिट, २८ बिटांपूर्वीचा आणि ३१ बिटांपूर्वीचा यांचा एक्सऑर (एकांची संख्या विषम असेल तर एक, नाहीतर शून्य) करतो; उत्तर शून्य म्हणजे बरोबर. तिन्ही बिट उलटे झाले तर उत्तर नेहमी एक. म्हणजे चुकांचं प्रमाण जवळजवळ १००टक्के येतं. भलताच पॅटर्न किंवा निसटलेलं घड्याळ असेल तर ते ५० टक्क्यांच्या आसपास घुटमळतं. कच्चा काउंटर वाचता येत असेल तर "लॉक नाही" एवढ्यावर थांबू नका, प्रमाण बघा.

याच सूत्रातून तुमच्या "शून्य चुका" देणाऱ्या लेनचा उलगडा होतो. इनपुट मेलेलं असेल आणि रिसीव्हर सतत शून्य देत असेल, तर शून्य एक्सऑर शून्य एक्सऑर शून्य म्हणजे शून्य. चेकर खूष. उलट्या पॅटर्नसाठी लावलेल्या चेकरला सतत एक दिले तर तोही तितकाच खूष. चांगल्या चेकरमध्ये अशा सपाट इनपुटसाठी वेगळी तपासणी असते, सगळ्यांत नसते. त्या लेनवर ट्रॅफिक चालत नाही हे तुम्हीच लिहिलं आहे. माझा पहिला संशय हा की तिथे सिग्नल पोचतच नाही: ड्रायव्हर म्यूट आहे, मॉड्यूलने ती लेन स्क्वेल्च केली (गप्प ठेवली) आहे, किंवा सोल्डर सुटलं आहे. म्हणून शून्य वाचलं की पहिलं काम, जनरेटरकडून एक चूक मुद्दाम घाला. स्वतः लॉक होणाऱ्या चेकरवर एका चुकीला काउंटर ३ ने वाढायला हवा, कारण तो चुकलेला बिट तीन वेगवेगळ्या वेळी एक्सऑरमध्ये येतो. ३ आले तर लेन जिवंत. काहीच आलं नाही तर मागचं शून्यही खोटं होतं. आणि मोजलेलं प्रमाण अहवालात लिहिताना तुरळक चुका असतील तर ३ ने भागायला विसरू नका.

कोणता पॅटर्न कधी वापरायचा, हे मी असं ठरवतो. टॅप तपासायला चौरस लहर. स्कोपवर आय मोजायला पीआरबीएस-९. तो फक्त ५११ बिटांचा, त्यामुळे स्कोपला पूर्ण पॅटर्न पकडून सरासरी काढता येते आणि जिटर सुटा करता येतो. ८३ईमधली आयची मापंही त्यावरच घेतात. पीआरबीएस-३१ची एक फेरीच २५.७८१२५ गिगाबिटला ८३ मिलिसेकंद घेते, २१४ कोटींहून जास्त बिट. सॅम्पलिंग स्कोपला तो पूर्ण पकडणं झेपत नाही. तो चुका मोजायला ठेवा. ६४बी/६६बी (इथरनेटचं कोडिंग) पद्धतीने स्क्रॅम्बल केलेल्या ट्रॅफिकमध्ये लांब रांगा येतात, आणि ३१ बिटांची रांग असलेला पॅटर्नच त्याच्या जवळ जातो. पीआरबीएस-७ वर लेन स्वच्छ आणि ३१ वर चुका, असं दिसलं तर टॅपच्या आधी एसी कपलिंग आणि बेसलाइन (लांब रांगेत सिग्नलची मधली पातळी सरकते का) बघा. क्यूएसएफपी२८मध्ये कपलिंगचे कपॅसिटर मॉड्यूलच्या आत असतात. बोर्डावर पुन्हा लावले असतील तर ते काढून शून्य ओहम घालण्यावरच थांबायचं नाही, पुढच्या आवृत्तीत पॅडच काढून टाकायचे.

जनरेटर सगळ्या चॅनेलवर एकदमच चालू करा. एकेकटी लेन नेहमी चांगलीच दिसते, क्रॉसटॉक नसतो ना. पण आठही चॅनेल एकाच सीडवरून (पॅटर्नची सुरुवातीची अवस्था) एकाच वेळी सुटले तर शेजारच्या लेनचा आवाज आणि आपला डेटा यांचं नातं पक्कं होतं, आणि रिसीव्हरचं इक्वलायझेशन त्याला स्वतःचाच आयएसआय (शेजारच्या बिटांचं एकमेकांत सांडणं) समजून काही अंशी जुळवून घेतं. सीड वेगळी द्या. ती सोय नसेल तर चॅनेल मागेपुढे चालू करा.

आता प्रत्यक्ष स्वीप. प्री ० ते उणे ४ एकेकाच्या पायरीने, पोस्ट ० ते उणे ८ दोन-दोनच्या पायरीने. मेन दर वेळी असा की एकूण ३१ राहील. २५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीला १० सेकंद. तेवढ्यात २.५८ × १०^११ बिट जातात, आणि एकही चूक आली नाही तर ९५ टक्के खात्रीने १.२ × १०^-११ पेक्षा चांगलं, इतकंच म्हणता येतं. पडीक जोड्या गाळायला तेवढं पुरतं. प्रत्येक जोडीनंतर समोरच्या रिसीव्हरला नव्याने जुळवून घ्यायला लावा, सीडीआर रीसेट करून किंवा लेन खाली-वर करून. नाहीतर रिसीव्हर मागच्या जोडीसाठी जुळवलेलं सीटीएलई तसंच धरून बसतो आणि स्वीप वरून खाली केला की एक उत्तर, खालून वर केला की दुसरं, असा प्रकार होतो.

तक्ता तयार झाला की सर्वात कमी चुकांचा चौकोन निवडू नका. स्वच्छ चौकोनांचा जो पट्टा दिसेल त्याचा मध्य घ्या. पट्ट्याच्या काठावरचा चौकोन आज कदाचित सर्वोत्तम असेल, पण बोर्ड तापला की तांब्याचा रोध वाढतो, डायइलेक्ट्रिकचा लॉस वाढतो, आणि सगळा पट्टा जास्त बूस्टच्या दिशेने सरकतो. म्हणून खोलीच्या तापमानाला स्वीप करत असाल तर मध्यापासून अर्धी-एक पायरी जास्तीकडे राहणं मला पसंत आहे. शक्य असेल तर गरम टोकाला तोच तक्ता पुन्हा काढा. दोन्हींत स्वच्छ असलेला भागच खरा.

निवडलेल्या जोडीवर मग लांब चाचणी. शून्य चुका धरून ९५ टक्के खात्रीसाठी लागणारे बिट म्हणजे ३ भागिले अपेक्षित प्रमाण. १०^-१२ ला दोन मिनिटं. चिप-ते-मॉड्यूल इंटरफेसचं लक्ष्य १०^-१५ आहे, त्याला ३२ तासांहून जास्त लागतात, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी लावून जायची चाचणी. दोन मिनिटं चालवून "१०^-१५ पास" असं कोणी लिहीत असेल तर तो अहवाल परत पाठवा.

क्यूएसएफपी२८चा पॅसिव्ह लूपबॅक प्लग सोयीचा आहे: रिटायमरच्याच जाणाऱ्या चॅनेलवर जनरेटर, येणाऱ्या चॅनेलवर चेकर, समोर दुसरी यंत्रणाच नको. जोडण्या, पोलॅरिटी, मेलेली लेन, हे सगळं त्याने चटकन सापडतं. पण टॅप त्यावर ठरवू नका. तिथे ऐकणारा रिटायमरचा स्वतःचा रिसीव्हर असतो, ९ इंचांचं ओझं पेलायला बनवलेला. तो जवळजवळ कोणत्याही टॅपवर स्वच्छ चालतो. मॉड्यूलचा रिसीव्हर इतका उदार नसतो. मॉड्यूलमध्ये स्वतःचा चेकर असेल तर तोच वापरा, कारण पलीकडच्या यंत्रणेपर्यंत जाऊन मोजलं की फायबरवरच्या चुकाही त्याच काउंटरमध्ये पडतात.

केजमध्ये डीएसी केबल असेल तर चित्र बदलतं. १००जीबेस-सीआर४ (तांब्याच्या केबलवरचं १०० गिगाबिट इथरनेट) मध्ये केबलचाच लॉस १२.८९ गिगाहर्ट्झला २२.४८ डेसिबलपर्यंत चालतो. टॅपची सुरुवात प्री उणे ३, पोस्ट उणे ६, मेन २२ अशी करा, बूस्ट ७.५ डेसिबल. पण मोठा खड्डा वेगळा आहे: लिंक ट्रेनिंग, म्हणजे लिंक सुरू होताना दोन्ही टोकांनी एकमेकांकडे मागून टॅप ठरवणं. साधा, प्रोटोकॉल न समजणारा रिटायमर ट्रेनिंगच्या फ्रेम नुसत्या बिट म्हणून पुढे ढकलतो. केबलच्या टोकाचा रिसीव्हर म्हणतो, "पोस्ट एक पायरी वाढव." ही विनंती रिटायमर ओलांडून एएसआयसीकडे जाते आणि एएसआयसी इमानदारीने आपला पोस्ट वाढवतो. त्याने बदलला तो ९ इंचांवरचा सिग्नल. रिटायमर तो सोडवतो, नव्याने वेळ लावतो, आणि आपल्या ठरलेल्या टॅपने पुढे पाठवतो. मागणाऱ्याच्या आयमध्ये काडीचा फरक पडत नाही, म्हणून तो मागतच राहतो. शेवटी ५०० मिलिसेकंदांची मुदत संपते, किंवा त्याहून वाईट, ट्रेनिंग "यशस्वी" होतं आणि एएसआयसीचे टॅप टोकाला जाऊन बसतात. अशा रिटायमरबरोबर ट्रेनिंग दोन्ही टोकांना बंद ठेवून टॅप हाताने लावा, किंवा ट्रेनिंगमध्ये स्वतः भाग घेणारा रिटायमर निवडा. वेगवेगळ्या लांबीच्या केबल चालायला हव्या असतील तर मी दुसरा पर्याय घेईन. एकाच ठरलेल्या टॅपवर अर्ध्या मीटरची आणि ३ मीटरची केबल दोन्ही चालवायची म्हणजे दोघींनाही अर्धपोटी ठेवणं. सीआर४ मध्ये आरएस-एफईसी (रीड-सोलोमन पद्धतीची एफईसी) असतो आणि एफईसीआधी ५ × १०^-५ पर्यंतचं प्रमाण चालतं, त्यामुळे तिथे शून्य चुकांचा हट्ट नको. एफईसीने दुरुस्त केलेल्या कोडवर्डची संख्या बघून टॅप ठरवा.

पीसीआय एक्सप्रेसचा रिटायमर असता तर यातलं बरंचसं लागू झालं नसतं. तो प्रोटोकॉल जाणतो, प्रत्येक सेगमेंटचं इक्वलायझेशन वेगळं करतो, आणि पी० ते पी१० या प्रीसेटपासून सुरुवात करून रिसीव्हरच्या मागणीप्रमाणे टॅप बदलतो. उदाहरणार्थ पी७ मध्ये प्रीशूट (प्रीचा परिणाम) ३.५ आणि डीएम्फसिस (पोस्टचा परिणाम) उणे ६ डेसिबल. तिथे हाताने टॅप ठोकून बसवणं हे निदानापुरतंच.

जाता जाता इनिशियलायझेशनच्या स्क्रिप्टबद्दल. बहुतेक रिटायमरमध्ये चॅनेल निवडायचं रजिस्टर आधी लिहावं लागतं आणि मग टॅप. ब्रॉडकास्टवर (सगळ्या चॅनेलना एकदम) लिहून मग एका चॅनेलची दुरुस्ती करायला गेलात आणि निवड परत बदलायची राहिली तर आठही लेनवर एकच टॅप बसतो. लिहिल्यावर प्रत्येक चॅनेल वाचून बघा. ईप्रॉममधून (सेटिंग साठवणारी मेमरी) चालू होणारा बोर्ड असेल तर नवे टॅप त्या प्रतिमेतही गेले पाहिजेत, नुसते चालू रजिस्टरमध्ये नाही. वॉर्म रीसेटनंतर जुने आकडे परत येतात आणि दोन दिवस त्यात जातात. आणि जनरेटरकडे वळवलेला मक्स परत डेटाकडे वळवणारी ओळ स्क्रिप्टमध्ये स्पष्ट लिहा, डीफॉल्टवर सोडू नका. जनरेटर बंद पण मक्स तिकडेच, अशा अवस्थेत लेन गप्प राहते, आणि सीडीआर मात्र लॉक दाखवतो.